मुलांचे इंग्रजी आणि आपले अंगणातले खेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी काहीतरी उपयोगाचे बोला, अशी आज्ञा कार्यवाहबाईंनी केली, तेव्हा विषय शोधण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही. दर शनिवारी दुपारी आपल्या याच सभागृहात मुलांचा जो गलका चालतो, त्याविषयी शेजारपाजारून दोन प्रकारची विचारणा होत असते. एक म्हणजे, "बाई, आवाज जरा कमी करता येईल का?" आणि दुसरी, "बाई, तुम्ही तिथं इंग्रजी शिकवता म्हणे. मग सारखा खेळच कसला चाललेला असतो?" पहिल्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नाही. दुसऱ्याचे मात्र आज जरा सविस्तर द्यावे, असा विचार आहे.

मुलांचे इंग्रजी हा आज घरोघर काळजीचा विषय होऊन बसला आहे, हे सांगावयास नको. आपल्यापैकी साठीला आलेल्या बहुतेकजणींनी मराठी शाळेत ए-बी-सी-डी गिरवली ती पाचवीत. 2000 सालच्या जूनपासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आले. त्यात वाईट काही नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला 'हे असे आहे, हे पाठ कर' म्हटले तर तो निमूटपणे करतो. सहा वर्षांच्या मुलाला तसे म्हणून भागत नाही. त्याचे हात, पाय, डोळे सगळेच शिकत असतात. त्याला एका जागी बसवून "डी-ओ-जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा" असे शंभर वेळा घोकायला लावले, तर त्याला ती ओळ तालासुरात येते खरी. पण खिडकीबाहेरून कुत्रे गेले की त्याच्या तोंडून 'डॉग' काही निघत नाही. शब्द त्या ओळीला चिकटलेला असतो, कुत्र्याला नव्हे. पुष्कळ मुलांना तर मधलाच शब्द विचारला की सुरुवातीपासून सगळी यादी म्हणून तिथपर्यंत यावे लागते. पाढे म्हणताना आपलेही असेच होत असे!

शब्द वस्तूला चिकटवायचा तर मुलाने ती वस्तू हाताळली पाहिजे, शब्द ऐकताच काही केले पाहिजे, आणि तोच शब्द त्याच्या कानावरून कंटाळा न येता वीस वेळा गेला पाहिजे. ही तिन्ही कामे खेळात आपोआप होतात. आणि गंमत अशी की, त्यासाठी विलायतेहून खेळ आणावे लागत नाहीत. आपल्या अंगणात ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

'शिवाजी म्हणतो' हा खेळ आपण सगळ्या खेळलो आहोत. "शिवाजी म्हणतो, बसा" म्हटले की बसायचे. नुसते "बसा" म्हटले तर बसायचे नाही. इंग्रजांच्या घरी हाच खेळ सायमन नावाच्या गृहस्थाच्या नावाने चालतो. आमच्या वर्गात शिवाजीच ठेवला आहे. फक्त हुकूम इंग्रजी असतात. "शिवाजी म्हणतो, टच युवर नोज!" "शिवाजी म्हणतो, टच युवर नी!" पहिल्या दिवशी मी स्वतः करून दाखविते, मुले माझ्याकडे बघून करतात. तिसऱ्या दिवशी मी हात मागे बांधून नुसते तोंडाने सांगते. पाचव्या दिवशी "टच युवर नोज" म्हणताना स्वतः कानाला हात लावते आणि फसविते. तेव्हा ज्याचा हात नाकाकडे जातो त्याला शब्द आला असे समजावे. परीक्षा झाली, आणि मुलाला ती झाल्याचा पत्ताही नाही.

या खेळाचा मोठा गुण असा की, यात मुलाला बोलावे लागत नाही. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 नंतरच्या दशकात याच तत्त्वावर भाषा शिकविण्याची एक पद्धत मांडली : आधी ऐकावे, शरीराने उत्तर द्यावे, आणि बोलणे ज्याचे त्याच्या वेळेने येऊ द्यावे. तान्हे मूल तरी दुसरे काय करते? "चांदोबा कुठे आहे?" म्हटल्यावर ते बोट वर करते, 'चांदोबा' म्हणायला पुढे कित्येक महिने लागतात. तोवर आपण त्याला नापास करीत नाही.

याचा प्रत्यय मला एका मुलीच्या बाबतीत आला. तिचे नाव सांगत नाही, कारण ती आपल्याच वस्तीतली आहे. तिची आई चार घरची कामे करते. पोटाला चिमटा घेऊन तिने मुलीला इंग्रजी शाळेत घातले. त्या शाळेत मराठी शब्द बोलला की दंड, अशी पद्धत होती. वर्गात एक डबाच ठेवलेला होता. मुलीला इंग्रजी येत नव्हते, आणि मराठी बोलायचे नव्हते. मग उरले काय? दोन महिन्यांनी आई मजकडे आली ती रडकुंडीला येऊन. "बाई, पोरगी घरीसुद्धा बोलंना झालीय हो!" मी म्हटले, शनिवारी पाठवून दे, बोलली नाही तरी चालेल.

ती आली, आणि खरेच पाच-सहा शनिवार एक अक्षर बोलली नाही. पण 'शिवाजी म्हणतो'मध्ये तिचा हात कधी चुकला नाही. मी कानाला हात लावून फसवीत असे, तेव्हा निम्मा वर्ग फसे. ही मात्र गालातल्या गालात हसत नाकच धरून उभी. तिला सगळे समजत होते! पुढे एका शनिवारी मी हुकूम सोडायचे काम मुलांकडे दिले. तिची पाळी आली, मी काही न बोलता बाजूला झाले. बराच वेळ ती उभी राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "जम्प." आणि समोरच्या पंचवीस पोरांनी एकदम उडी मारली. आपल्या एका शब्दाने एवढी माणसे हलतात, हे पाहून तिचा चेहरा जो काही झाला तो मी विसरणार नाही. त्या दिवशी तिने आम्हांला चांगलेच घामाघूम केले.

'तळ्यात-मळ्यात' हा असाच बिनखर्चाचा खेळ. जमिनीवर खडूची रेघ मारली की झाले. पण त्याचा उपयोग मी एका अवघड गोष्टीसाठी करते. आपण मराठीत 'टेबलावर', 'डब्यात', 'पाटाखाली' असे म्हणतो. म्हणजे वस्तू आधी, आणि वर-खाली-आत मागून. इंग्रजीत उलटे : 'ऑन द टेबल', 'इन द बॉक्स', 'अंडर द चेअर'. मोठ्या मुलांनाही हे उलटे डोके लावणे जड जाते. व्याकरण सांगून ते उलगडत नाही. म्हणून प्रत्येक मुलापुढे एक रिकामी काड्यापेटी आणि एक सागरगोटा. "इन द बॉक्स!" "ऑन द बॉक्स!" "अंडर द बॉक्स!" असे भराभर म्हणत जायचे. चार दिवसांत बोटे विचार न करता चालू लागतात. मग खडूची रेघ, मग पळापळ : "इन द वॉटर! ऑन द लँड!" फार काय, खिडकीतून बघणाऱ्या आज्यांनाही ते पाठ झाले आहे.

'चिमणी उड, कावळा उड' यातही थोडा फेरफार केला की क्रियापदे येतात. "स्पॅरो फ्लाय" म्हटले की हात वर. "काऊ फ्लाय" म्हटले की जो हात वर करील तो फसला. पुढे "फिश स्विम", "फ्रॉग जम्प" असे वाढवत न्यावे. मुले आपण होऊन "टीचर फ्लाय" असे काहीतरी काढतात, आणि तेव्हा बाईंना उडून दाखवावे लागते.

येथे एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. आपल्या बहुतेक खेळांत जो चुकला तो बाद, आणि बाद झाला की बाजूला बसायचे, असा नियम असतो. शिकविण्यासाठी खेळायचे तर तो नियम टाकून द्यावा. कारण पहिल्याने बाद कोण होतो? ज्याला शब्द येत नाही तो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच भिंतीला टेकून बसून राहतो, आणि ज्याला आधीच सगळे येते तो शेवटपर्यंत खेळतो! आमच्याकडे चुकणारा मूल बाजूला येऊन पुढचे तीन हुकूम सोडतो आणि परत आत जातो. हुकूम सोडताना त्याला शब्द तोंडाने म्हणावे लागतात, आणि अडला तर मी शेजारी असतेच. बक्षिसाची चढाओढही मी ठेवीत नाही. एका पालकबाईंनी पेन्सिली वाटायला दिल्या होत्या. त्या मी सरसकट सगळ्यांना दिल्या.

आता स्वयंपाकघरातला खेळ. रुडयार्ड किपलिंग या मुंबईत जन्मलेल्या इंग्रज लेखकाची 'किम' नावाची कादंबरी 1901 साली प्रसिद्ध झाली. तीत किम या मुलाची नजर तयार करण्यासाठी त्याला ताटात निरनिराळी रत्ने घालून दाखवितात, मग ती झाकतात आणि काय काय होते ते विचारतात. बेडन-पॉवेलने 1908 साली बालवीरांच्या पुस्तकात हा खेळ घेतला, आणि तो जगभर गेला. आपल्याला रत्ने नकोत. ताटात चमचा, वाटी, किल्ली, कांदा, बटण, खडू अशा सहा वस्तू ठेवाव्या. एकेक उचलून नाव घ्यावे, मुलांकडून घेववावे, वर पंचा टाकावा, आणि एक वस्तू हळूच काढून घ्यावी. "व्हॉट इज मिसिंग?" मुले जिवाचा आटापिटा करून आठवतात. सहापासून सुरुवात करून आठ-दहांपर्यंत जावे. एका बैठकीत त्यांत नवीन शब्द सहा-सातच्या वर नसावेत.

ताटात काय ठेवावे, यावर आपल्या एका भगिनीशी माझा प्रेमाचा वाद झाला होता. त्यांचे म्हणणे पोळपाट, सोऱ्या, पुरण-यंत्र यांची इंग्रजी नावे मुलांना आलीच पाहिजेत. माझे म्हणणे, सोऱ्याला सोऱ्याच म्हणू द्या. इंग्रजांनी तरी दुसरे काय केले? मुंगूस हे जनावर त्यांनी येथे पाहिले, नाव विचारले, आणि आपला मराठी शब्द उचलून 'मोंगूस' केला. तो आज त्यांच्या कोशात मानाने बसला आहे. आपल्या 'खाटे'ची 'कॉट' झाली आणि पुन्हा आपल्याच दवाखान्यांत परत आली. हे मी मुलांना सांगते तेव्हा त्यांना फार गंमत वाटते. आपली भाषा दुसऱ्याला काही देऊ शकते, हे त्यांनी कुठे ऐकलेलेच नसते.

तंबोला आपल्या मंडळाला नवा नाही. कोजागिरीला तो खेळताना आपण पोरांहून जास्त ओरडतो. मुलांसाठी आकड्यांऐवजी चित्रे घ्यावी. फळ्यावर बारा चित्रे काढावी. प्रत्येकाने त्यांतली आपल्या आवडीची सहा आपल्या पाटीवर काढावी. मी शब्द पुकारते, ज्याच्या पाटीवर तो आहे त्याने तेथे चिंचोका ठेवावा. चित्र चांगले आले नाही तरी हरकत नाही. आमच्याकडचा एकजण हत्ती आणि किटली सारखीच काढतो, पण त्याला फरक बरोबर कळतो.

पत्त्यांचेही तसेच. लग्नपत्रिकांची पाठ कोरी असते. ती कापून जोडीजोडीने चित्रे काढली की पत्ते तयार. पालथे मांडून जोडी लावायची, किंवा हातात घेऊन एकमेकांना मागायची : "डू यू हॅव अ मँगो?" "यस, आय हॅव." "नो, सॉरी." यात शब्द एकटा येत नाही, वाक्य घेऊन येतो, आणि मुलाला तो आंबा खरोखरच हवा असतो, म्हणून वाक्य जीव तोडून म्हटले जाते. सुटा शब्द म्हणजे सुटे बटण, सदऱ्याला लावल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. 'मँगो' आल्यावर 'येलो मँगो', मग 'टू मँगोज' असे हळूहळू लावत जावे. आपल्या भाषेत टेबल ते, खुर्ची ती आणि पलंग तो. मुले मग इंग्रजीतही खुर्चीला 'शी' म्हणतात. त्याला हसू नये. त्या पोराने आपल्या मराठीचा नियम इमानाने लावलेला असतो. आपण नुसते 'यस, इट इज अ चेअर' असे म्हणून पुढे जावे. ऐकून ऐकून सुधारते.

उच्चारांसाठी दोन कोपऱ्यांचा खेळ आहे. एका कोपऱ्यात जहाजाचे चित्र, दुसऱ्यात मेंढीचे. "शिप" म्हटले की इकडे पळायचे, "शीप" म्हटले की तिकडे. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत त्याचे दोन. म्हणून 'व्हॅन'च्या वेळी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून दाखवावे आणि 'वॉटर'च्या वेळी ओठांचा चंबू करावा. मुलांना आरशात बघून हे करायला आवडते. एवढे पुरे. पुढे जाऊन साहेबासारखे बोलायला लावू नये.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेले सर्वांत जास्त विसरते ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत, आणि मधून मधून उजळणी केली तर टिकते. आपल्याला लोणच्याची बरणी माहीत आहे. घालून ठेवली आणि हलविलीच नाही तर काय होते तेही माहीत आहे. म्हणून आमच्याकडे एक जुना बिस्किटांचा डबा आहे. आजची चित्रे त्यात टाकायची. पुढच्या शनिवारी त्यातली मूठभर काढून खेळायची, महिन्याने पुन्हा. मधल्या दिवसांत हे काम आयांनी करावे. पाच मिनिटे पुरतात, आणि आईला इंग्रजी येत नसेल तर फारच उत्तम : मूलच तिला शिकविते. "आई, तुला 'स्पून' येत नाही?" असे विचारताना त्याला जो मोठेपणा वाटतो, त्याने शब्द पक्का होतो.

आता, "खेळून मार्क मिळतात का?" हा प्रश्न. खेळाने सगळे होते, असे मी म्हणणार नाही. शब्दलेखन लिहूनच येते, त्याला पाटी-पेन्सिल घेऊन बसावे लागते. पण कानाला आणि जिभेला ओळखीचा झालेला शब्द लिहायला मूल बसते ते वेगळे, आणि अनोळखी अक्षरांची माळ गिरवायला बसते ते वेगळे. मोबाईलवर इंग्रजीचे खेळ पुष्कळ आहेत, कित्येक फुकटही आहेत. काही चांगले असतील. पण तेथे मूल चित्रावर बोट ठेवते आणि घंटा वाजते. समोरच्या मैत्रिणीकडून आंबा मागण्याची धडपड तेथे नाही. महिना हजार-दोन हजार रुपये भरून लावलेल्या शिकवण्याही मी पाहिल्या आहेत. ज्यांना परवडत नाही त्यांनी त्यासाठी कर्ज काढू नये, एवढे मी स्पष्ट सांगते.

आणि मराठीवर बंदी घालू नये. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तो लहान मुलांना त्यांच्या मातृभाषेतून आणि त्यांच्या हातांनी शिकू द्यावे म्हणून. 1945 साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर शंख, शिंपले, बिया, पाने हीच त्यांची साधने झाली. महागडी खेळणी आणायला पैसे नव्हते म्हणूनही, पण मुख्यतः ती मुलांच्या ओळखीची होती म्हणून. आमचा खेळ मी मराठीतून समजावून सांगते, भांडणे मराठीतून सोडविते. त्याने इंग्रजी शब्दाला काही इजा होत नाही.

त्या मुलीच्या आईने मार्च महिन्यात मला विचारले, "बाई, काढू का तिला त्या शाळेतून?" मी म्हटले, काढायचे की नाही ते तू ठरव, पण आधी वर्गाच्या बाईंना भेटून ये, मी बरोबर येते. आम्ही दोघी गेलो. त्या बाई तरुण होत्या, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. दंडाचा डबा ठेवायचा किंवा काढायचा हे त्यांच्या हाती नव्हते. पण या मुलीकडून दंड घेणार नाही, असे त्यांनी कबूल केले, आणि काड्यापेटीचा खेळ लिहून घेतला. मुलगी अजून त्याच शाळेत आहे. शाळेत ती फार बोलते असे नाही. शनिवारी मात्र तिला गप्प करावे लागते, आणि घरी ती धाकट्या भावाला "सिट, स्टँड, सिट, स्टँड" करून पिडते, अशी आईची तक्रार आहे. पुढच्या वर्षी काय करायचे, याचा विचार त्या घरात चालू आहे.

सध्या वर्गात एकतीस मुले आहेत आणि आम्ही दोघीच आहोत. पत्त्यांच्या खेळाला सहा-सहांचे गट करावे लागतात, आणि प्रत्येक गटापाशी एक मोठे माणूस लागते. म्हणजे आणखी तिघीजणी हव्यात. इंग्रजी चांगले येण्याची अट नाही. ताटावर पंचा टाकता आला की पुरे. ज्यांना जमेल त्यांनी आज जाताना कार्यवाहबाईंकडे नाव द्यावे. शिवाय घरात रिकाम्या काड्यापेट्या, जुन्या लग्नपत्रिका आणि मूठभर चिंचोके असतील तर ते येत्या शनिवारी तीन वाजेपर्यंत सभागृहात पोचवावे. चिंचोके गेल्या महिन्यात कुणीतरी भाजून खाल्ले आहेत.